डाव्या रकान्यातले शब्द

४ जानेवारी

प्रिय दादा,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील. सगळे सुखरूप आहेत, कोणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. तेव्हा आधी पाणी पी आणि मग पुढे वाच.

मला इंग्रजी हवंय. तू छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना इंग्रजी शिकवून रिटायर झालास आणि तुझी सख्खी बहीण अजून 'गुड मॉर्निंग'च्या पुढे सरकलेली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मीच.

झालंय असं की आमच्या साइटवर मोठी टॉवर क्रेन येणार आहे. सध्याच्या छोट्या क्रेनवर मी सात वर्षं काढली, पण मोठीसाठी वरच्या वर्गाचं लायसन्स लागतं. परीक्षेचे दोन भाग असतात. एकात ओझं उचलून दाखवायचं, दुसरी तोंडी, आणि तोंडी इंग्रजीत. मी दोनदा बसले आणि दोन्ही वेळा तोंडीत आपटले. आता एप्रिलमध्ये तिसरी आणि शेवटची खेप. यात नापास झाले तर पुढची पाच वर्षं बसता येत नाही, आणि मोठी क्रेन दुसऱ्या कोणाच्या तरी हातात जाईल. दादा, मला ती क्रेन हवीय. आजवर काही मागितलं नसेल एवढ्या जोराने हवीय.

गंमत म्हणजे चाळीस मीटरवर काचेच्या खोलीत एकटी बसते, पायाखालीही काच, तिथे मला काही होत नाही. पण टेबलापलीकडे तीन माणसं बसली की बोबडी वळते. ते नेहमी एकच विचारतात: वर भीती वाटते का? पहिल्यांदा मी 'येस' म्हणाले आणि गप्प बसले. दुसऱ्यांदा 'नो' म्हणाले आणि गप्प बसले. दोन्ही वेळा नापास, म्हणजे उत्तर मधलं काहीतरी असणार.

तर मला भीतीचे आणि हिमतीचे इंग्रजी शब्द पाठव. फोनवर विचारलं तर तू अर्धा तास व्याकरण सांगतोस आणि मी हूं हूं करत कपडे वाळत घालते. कागदावर असलं की खिशात घालून वर नेता येईल.

वहिनीला सांग, तिने विणलेला स्वेटर केबिनमध्ये रोज घालते.

तुझी,
टिटवी


११ जानेवारी

प्रिय टिटवे,

पाणी प्यायलो. दोन ग्लास. तरी पत्र उघडायला वहिनीलाच दिलं.

तुला इंग्रजी हवंय हे वाचून मला इतका आनंद झाला की मी कपाटातून जुना खडू काढला. फळा नाही हे नंतर लक्षात आलं. असो. सोबत एक कागद जोडलाय, त्याचे दोन रकाने केलेत. डावीकडे भीती, उजवीकडे हिंमत.

डावीकडचं आधी बघ. 'अँक्शस' म्हणजे काळजीने पोखरलेला. 'बटरफ्लाइज इन द स्टमक': आपल्या पोटात गोळा येतो, त्यांच्या पोटात फुलपाखरं उडतात, भीतीसुद्धा माणसांनी किती छान सजवलीय. 'कोल्ड फीट' म्हणजे ऐन वेळी कच खाणं. 'हार्ट इन द माउथ' म्हणजे आपला जीव टांगणीला लागतो तेव्हा त्यांचं काळीज थेट तोंडात येतं. आणि 'चिकन' म्हणजे भागूबाई. हा शब्द मला विशेष समजावून सांगावा लागला नाही, वर्गात मागच्या बाकावरून बऱ्याचदा ऐकलाय.

आता उजवीकडे ये. 'बोल्ड', 'डेअरिंग', 'प्लक'. 'गट्स' म्हणजे आतडी, पण अर्थ हिंमत. वहिनी म्हणाली, आतड्यांचा आणि हिमतीचा संबंध काय? मी म्हटलं, माझ्याशी इतकी वर्षं संसार करून हे विचारतेस? 'टेक द बुल बाय द हॉर्न्स' म्हणजे बैलाला सरळ शिंगांनी धरायचं. 'नर्व्ज ऑफ स्टील' म्हणजे पोलादी मन. यात एक मजा आहे: 'नर्व्ह' एकटी असली तर हिंमत आणि पुष्कळ जमल्या की घबराट. माणसांचंही तसंच असतं म्हणा.

नियम एकच. डावीकडचे शब्द फक्त ओळखायचे. बोलायचे ते उजवीकडचे. परीक्षकापुढे छाती काढून बसायचं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, हे तुला मी सांगायला नको.

तुझा,
दादा


२५ जानेवारी

प्रिय दादा,

तुझा कागद मी केबिनच्या काचेला चिकटवला आणि साइटवर माझी अब्रू गेली. ऐक.

परवा दुपारी खाली जेवणाची सुट्टी झाली. मी वरच डबा खाते. शिडी उतरून चढायला वीस मिनिटं जातात, मग घास कधी घ्यायचा? तर डबा संपवला आणि मोठ्याने पाठांतर सुरू केलं. 'आय ॲम बोल्ड. आय हॅव गट्स. आय हॅव नर्व्ज ऑफ स्टील.' दहा-बारा वेळा, हातवारे करून. आणि माझा कोपर वॉकीटॉकीच्या बटणावर. खाली साठ माणसं हातातला घास तसाच ठेवून ऐकत होती. सिग्नलमन, म्हणजे खालून मला हाताने खुणा करणारा माझा जोडीदार, म्हणाला, "मॅडम, आम्ही समजलो तुम्ही कोणाशी तरी भांडताय." आता शिडीवर पाय ठेवला की कोणीतरी ओरडतंच, "पोलाद निघालं!"

पण मला मजा येतेय. उजवीकडचे सगळे पाठ झाले. बैलाचं मात्र मनाला पटलं नाही. आपण बैलाला वेसण घालतो, शिंगं कशाला धरायची? शिंग ही धरायची जागा आहे का? पण इंग्रजी तुझं, तू म्हणशील तसं.

आता नुसते शब्द नकोत, पूर्ण उत्तरं पाठव. प्रश्न सोबत लिहिलेत. मार्च संपायच्या आत उस्ताद, म्हणजे आमच्यातले सर्वांत जुने ऑपरेटर, सगळ्यांची सराव-तोंडी घेतात. त्यांनी हो म्हटलं तरच परीक्षेला नाव जातं.

टिटवी


२ फेब्रुवारी

प्रिय टिटवे,

उत्तरं पाठवतोय. गेल्या आठवड्यात मला दुसरं काही सुचलं नाही. वहिनी म्हणते एवढी मेहनत मी माझ्या स्वतःच्या हेडमास्तरकीच्या इंटरव्ह्यूलाही घेतली नव्हती. खरंय, त्या दिवशी मी पोट बिघडलं म्हणून घरीच राहिलो होतो.

प्रत्येक उत्तरात निदान एक दणदणीत वाक्प्रचार घातलाय. वाऱ्याच्या प्रश्नाला बैल घातलाय, तुला पटो न पटो. सिग्नल दिसेनासा झाला तर, या प्रश्नाला 'फॉर्च्यून फेव्हर्स द बोल्ड', म्हणजे नशीब धाडसी माणसाच्या बाजूने. आणि भीतीच्या प्रश्नाला अजिबात घुटमळू नकोस. 'नेव्हर, सर!' असं म्हणायचं आणि डोळ्यांत बघायचं.

क्रेनमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण परीक्षक म्हणजे शेवटी परीक्षक. भित्र्या माणसाला जगात कोणी पास केलेलं मी पाहिलेलं नाही.

एकही शब्द बदलू नकोस. स्पेलिंग सोबत दिलंय.

दादा


२७ फेब्रुवारी

दादा,

मी खाली आहे. म्हणजे खरोखर खाली, जमिनीवर. उस्तादांनी माझ्याकडून केबिनची चावी काढून घेतली.

काल तोंडी झाली. उस्ताद टेबलापलीकडे परीक्षक होऊन बसले. मी छाती काढली. ते म्हणाले, ओझं हवेत आहे, वारा वाढला, काय करशील? मी खणखणीत आवाजात, "आय टेक द बुल बाय द हॉर्न्स, सर." त्यांनी मान तिरकी केली. म्हणाले, खालचा सिग्नलमन दिसेनासा झाला, काय करशील? "फॉर्च्यून फेव्हर्स द बोल्ड, सर." त्यांनी चष्मा काढला. भीती वाटते? "नेव्हर, सर! आय हॅव नर्व्ज ऑफ स्टील." मी डोळ्यांत बघितलं, तू सांगितलं होतंस तसं.

त्यांनी चष्मा परत चढवला. मग हात पुढे केला. "चावी दे."

मला वाटलं गंमत करतायत. ते म्हणाले, "वारा वाढला की काय करायचं असतं?" मी म्हटलं, थांबायचं. "सिग्नल दिसला नाही तर?" थांबायचं. "मग हे बैल कुठून आणलेस? ज्याला भीती वाटत नाही त्याला मी वर पाठवत नाही. खाली साठ माणसं असतात. त्यांच्या डोक्यावरून तू दोन-दोन टन नेतेस. मला वर घाबरणारं माणूस पाहिजे."

आता मी दिवसभर दोर आणि साखळ्या तपासते. मार्चच्या शेवटी ते पुन्हा ऐकणार आहेत. तेव्हाही असंच झालं तर नाव पाठवणार नाहीत, म्हणजे परीक्षेला बसायचाच प्रश्न नाही.

दादा, मला हे सगळं माहीत होतं रे. सात वर्षं मी थांबतेच आहे. पण तुझी उत्तरं इतकी ऐटदार होती की मला माझीच लाज वाटायला लागली. आणि तू तरी, क्रेनमधलं कळत नाही म्हणालास तर विचारायचं ना एकदा? उचलली जीभ लावली टाळ्याला. पाठांतर माझं, चावीही माझीच गेली.

चिडून लिहितेय. उद्या लिहिलं असतं तर कदाचित एवढं लिहिलं नसतं.

टिटवी


९ मार्च

प्रिय टिटवे,

पत्र माझं आहे, दादाचं नाही. त्याने चार लिहिली आणि चारही फाडली. पाचवं लिहायला बसलाय असं म्हणतो, पण मघाशी बघितलं तर पेनाचं टोपण काढत होता आणि लावत होता.

तुझं पत्र वाचून त्याने जेवणाचं ताट सरकवलं. म्हणाला, "माझ्यामुळे पोरगी खाली आली." मी म्हटलं, खाली आली हे बरंच झालं, तुझी उत्तरं घेऊन वर बसली असती तर? ते त्याला फारच लागलं. माझी जीभ अशीच आहे.

तुला एक सांगते. तुझ्या भावाला हिमतीतलं काही कळत नाही, तो ते पुस्तकातून सांगतो. पण भीतीतलं त्याला सगळं कळतं. तो गॅसचं बटण तीनदा बघतो, कुलूप ओढून बघतो, पुन्हा अर्ध्या रस्त्यातून परत येऊन ओढून बघतो. आमचे दोन्ही मुलगे त्याच्यामुळे एकदाही पडले नाहीत आणि त्याच्यामुळेच सायकल शिकायला त्यांना बारा वर्षं लागली. तू चुकीच्या दुकानात जाऊन योग्य वस्तू मागितलीस असं नाही. दुकान बरोबर होतं. त्यानेच तुला दर्शनी कपाटातला माल दिला.

चिडलीस ते ठीक. आता विचारायचं ते विचार.

तुझी वहिनी

ता. क. दुसरा स्वेटर विणतेय. याच्या बाह्या मोजून पाठव, मागच्या वेळी अंदाज चुकला आणि तू बोलली नाहीस.


१३ मार्च

दादा,

पेनाचं टोपण लाव आणि मी काय विचारते ते ऐक. चूक तुझी एकट्याची नाही. मला माहीत असूनही मी बोलले, कारण मला एकदा तरी शूर दिसायचं होतं.

आता मला डावा रकाना शिकव. नुसती फुलपाखरं नकोत. वर असताना मला जे वाटतं त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते सांग. सकाळी शिडी चढताना हाताला गज नेहमीसारखा लागला नाही तर मी थांबते. ओझं सुटलं की मी श्वास धरते आणि टेकलं की सोडते. एखाद्या दिवशी सगळं ठीक असतं, मीटर ठीक, दोर ठीक, आणि तरी मन म्हणतं, नको. याला काही नाव आहे का? का हे नुसतंच भित्रेपण?

तू खूप घाबरतोस हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी त्यावरून तुला फार चिडवलंय. यावेळी चिडवत नाहीये, खरंच विचारतेय. घाबरलास की तू काय करतोस?

टिटवी


२० मार्च

प्रिय टिटवे,

हे पत्र एका बैठकीत लिहितोय. फाडणार नाही, वहिनीने पेपर कापायची कात्रीसुद्धा उचलून नेलीय.

तू विचारलंस म्हणून सांगतो. वहिनीशिवाय हे कोणाला माहीत नाही. मी नोकरीला लागून दहा वर्षं झाली असतील. शाळेची सहल एका तळ्यावर गेली. नावेतून चक्कर मारायची होती. माझा वर्ग नावेत बसला, बेचाळीस मुलं. नावाडी म्हणाला, रोजच नेतो. हेडमास्तर म्हणाले, बसा. आणि मला वाटलं, नाव नेहमीपेक्षा बोटभर खोल बसलीय. नेहमीची म्हणजे कुठली, मी ती नाव पहिल्यांदाच बघत होतो. तरी मी सगळ्या मुलांना उतरवलं. मुलं रडली, हेडमास्तर चिडले, मला कारण सांगता येईना.

दुसरा वर्ग त्याच नावेत बसला, चक्कर मारली आणि गाणी म्हणत परत आला. काही म्हणजे काही झालं नाही. माझी मुलं काठावर बसून मुकाट्याने डबे खात होती. पुढची सहा वर्षं मी वर्गात शिरलो की फळ्यावर नाव काढलेली असायची. मी ती पुसायचो आणि धडा सुरू करायचो. घरी येऊन मात्र वाटायचं, एखादा धीराचा माणूस असता तर बसला असता नावेत.

त्या दिवशी मला जे वाटलं त्याला इंग्रजीत 'मिसगिव्हिंग' म्हणतात. आपण म्हणतो, मनात शंकेची पाल चुकचुकली. शिडीच्या गजाशी तू थांबतेस, ते 'अनीझी', जिवाला चैन नसणं. दिवसभर जपून असतेस ते 'वेअरी'. सगळं ठीक असून मन नको म्हणतं ते 'सेकंड थॉट्स'. आणि एक अख्खं वाक्य तुझ्यासाठी ठेवलंय: 'एर ऑन द साइड ऑफ कॉशन'. म्हणजे चुकायचंच असेल तर सावध राहून चुकावं. हे भित्रेपण असतं तर त्यांनी त्याला इतकी शहाणी नावं दिली नसती.

उजव्या रकान्यातला एक शब्द मात्र मी तुझ्यापासून लपवला, कारण रंगाचा बेरंग झाला असता. 'फूलहार्डी'. मूर्खाची हिंमत. तुला पाठवलेली सगळी उत्तरं त्या एका शब्दात बसतात.

आणि घाबरलो की मी काय करतो? मी थांबतो, पुन्हा बघतो, आणि लोक हसले की पुसून धडा सुरू करतो. एवढंच येतं मला.

क्षमा कर.

दादा


१९ एप्रिल

प्रिय दादा,

आधी हे, की उस्तादांनी मार्चच्या शेवटी चावी परत दिली. मी 'मिसगिव्हिंग' म्हटल्यावर त्यांनी अर्थ विचारला आणि स्वतःच्या वहीत लिहून घेतला. दुसरं हे, की काल परीक्षा झाली आणि बहुतेक माझं गेलं. सगळं सांगते, मध्ये उठू नकोस.

ओझं उचलण्याची परीक्षा आधी होती. बाहेरून आलेले परीक्षक खाली वॉकीटॉकी घेऊन उभे, टकले, उन्हात डोकं चकाकत होतं, मग कोणीतरी हेल्मेट दिलं. तीन ओझी, प्रत्येकाला आठ मिनिटं. काँक्रीटची बादली झाली. सळयांचा भारा झाला. तिसरं होतं प्लायवूडच्या मोठ्या शीट्सचा गठ्ठा, तो नेऊन चुन्याच्या वर्तुळात ठेवायचा.

वाऱ्याचा मीटर चौतीस दाखवत होता. चाळीसच्या वर गेला तर थांबायचं असा नियम, म्हणजे मला परवानगी होती. गठ्ठा उचलला आणि तो हवेत हळूच फिरायला लागला. प्लायवूड रुंद असतं, वारा त्याला ढकलतो. खाली त्याला बांधलेला दोर धरून एक माणूस होता, त्याचे पाय दोन पावलं फरफटले. फक्त दोन. आणि दादा, पाल चुकचुकली.

मी बटण दाबलं. "सर, आय हॅव मिसगिव्हिंग्ज. आय ॲम पुटिंग इट डाउन." ते म्हणाले, मीटर ठीक आहे, कंटिन्यू. मी म्हटलं, "आय नो, सर." ते म्हणाले, अर्धवट सोडलं तर हा भाग अपुरा धरला जाईल, समजतंय ना? खोटं कशाला बोलू, मोठी क्रेन डोळ्यांपुढे उभी होती. मी म्हटलं, "येस, सर. पुटिंग इट डाउन." आणि वर्तुळाच्या बऱ्याच अलीकडे, मोकळ्या जागेत, गठ्ठा टेकवला.

आणि मग काय झालं असेल? वारा पडला! असा पडला की साइटवरचा धुरळासुद्धा जागचा हलेना. मीटर बारावर. खाली कोणीतरी खो खो हसलं. मला शिडीवरून उतरूच नये असं वाटलं.

तोंडीला ते पहिलंच म्हणाले, वारा तर पडला, मग तुम्ही चुकलात ना? मी म्हटलं, "येस, सर. मे बी, सर." मग नेहमीसारखी माझी बोबडी वळली. पण मला तुझी काठावर बसलेली बेचाळीस मुलं आठवली, आणि पुढचं आपोआप आलं. "लोड इज ऑन द ग्राउंड, सर. नो मॅन इज अंडर इट."

त्यांनी तो प्रश्न विचारलाच. वर भीती वाटते? "येस, सर," म्हटलं, आणि यावेळी गप्प बसले नाही. "आय ॲम अनीझी इन द मॉर्निंग. आय ॲम वेअरी ऑल डे. अँड इफ वन डे आय ॲम नॉट अफ्रेड, आय विल कम डाउन." हे तू शिकवलेलं नव्हतं, मीच जुळवलं. व्याकरण चुकलं असेल तर आत्ता सांगू नकोस.

त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. चेहऱ्यावरची माशी हलली नाही. थँक यू म्हणाले आणि पुढच्याला बोलावलं.

दादा, मी बरोबर वागले की घाबरले?

टिटवी


२५ एप्रिल

प्रिय टिटवे,

दोन्ही. आणि दोन्ही एकाच वेळी करता येतं हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.

निकाल लागो न लागो, मला काय वाटलं ते सांगून टाकतो. तुझं पत्र मी उभ्याउभ्या वाचलं आणि वारा पडला तिथे आल्यावर खुर्ची शोधली. तुझ्यावर हसणारा तो जो कोणी होता, त्याचा मला इतका राग आला की मी वहिनीवरच ओरडलो. त्या तळ्याच्या काठावर मी स्वतःसाठी कधी असा चिडलो नव्हतो. तुझा मला अभिमान वाटतो, टिटवे, आणि हे लिहिताना माझे डोळे भरून आलेत. अक्षर फिसकटलंय ते त्यामुळे.

व्याकरण अचूक होतं.

क्रेन गेली तर वाईट वाटेल. वाटू दे. निकालाची मीही वाट बघतोय. पोस्टमन आता मला लांबून बघूनच हाताने नाही नाही करतो.

दादा


१६ मे

दादा, दादा, दादा,

पास!

उस्तादांनी पाकीट फोडलं, वाचलं आणि मला न दाखवता आधी स्वतःच खुर्चीत बसले. प्लायवूडच्या भागात अपुरं म्हणून मार्क कापलेत, ते कापायचेच होते. पण खाली त्या टकल्या परीक्षकांनी हाताने शेरा लिहिलाय. अक्षर न् अक्षर उतरवून काढलं, असं आहे: 'द कँडिडेट इज ईझिली फ्राइटन्ड. रेकमेंडेड फॉर हेवी लिफ्ट्स.'

पहिलं वाक्य वाचून मी वरचं 'पास' पुन्हा वाचून बघितलं. दुसरं वाचून मला पहिलं कळेना. उस्ताद नुसते हसतात आणि म्हणतात, भावाला विचार. अर्थ सांग. मला माहीत आहे, तरी तू सांग.

मोठी क्रेन सात जूनला उभी राहील आणि पहिलं ओझं मी उचलणार आहे. तू आणि वहिनी याल? दोन दिवसांचा प्रवास आहे, मला माहीत आहे तुझं. नाही जमलं तर रागावणार नाही.

टिटवी


२१ मे

प्रिय टिटवे,

अर्थ असा: उमेदवार चटकन घाबरते. जड ओझ्यांसाठी शिफारस.

छत्तीस वर्षांत मी हजारो प्रगतिपुस्तकं लिहिली. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहायची अक्कल मला एकदाही आली नाही. किती भित्र्या मुलांच्या पुढे मी 'आत्मविश्वास वाढवावा' असं लिहिलं असेल, आणि तीच पोरं आज कुठेतरी कोणाच्या तरी डोक्यावरचं ओझं सांभाळत असतील. काल दिवसभर मला ती एकेक आठवत होती. वहिनी म्हणाली, "आता रडतोस काय, पास झालीय ती." मी म्हटलं, ती एकटीच नाही झाली.

आम्ही येतोय. तिकिटं काढली. गाडी सुटायच्या तीन तास आधी स्टेशनवर पोचू, कुलूप ओढून बघायला मी दोनदा परत येईन हे धरून. ते परीक्षक तिथे आले तर त्यांना हात जोडायची इच्छा आहे, पण ऐन वेळी मी खांबामागे जाईन, तेव्हा ते काम वहिनी करेल.

क्रेनवर चढायचा आग्रह मात्र करू नकोस. तू वर निवांत तुझं काम कर. मी खाली लोकांमध्ये उभा राहीन, मान वर करून, आणि अगदी मनसोक्त घाबरेन.

तुझा,
दादा